आमच्यात लाल परत ठेवतात

टेबलावरची गोधडी ओढली आणि निळी धूळ उडाली. इतकी वर्षं हात न लावता पडलेली, तरी होती तशीच. मला शिंक आली. आतून अण्णा म्हणाले, "आधी खिडकी उघड, मग काय ते झाड." खिडकी उघडली तर समोरचं घर नव्हतं. तिथे विटांचा ढीग होता आणि त्यावर एक कुत्रं निवांत झोपलं होतं.

मला जुन्या वस्तूंचं फारसं कौतुक नाही. बंब घासूनपुसून हॉलमध्ये ठेवायचा आणि त्यात प्लास्टिकची फुलं खोचायची, असली हौस असलेली माणसं बघितली की मी लवकर घरी निघते. आजही मी आठवणी काढायला आले नव्हते. आमची बैठ्या घरांची ओळ पाडून तिथे टॉवर उभा राहतोय, शेजारी सगळे गेले, आणि अण्णांना ताईकडे सीवूड्सला पोचवायचं होतं. ताईनं फोनवर बजावलं होतं, "अण्णांना आण, कपडे आण, देव आण. ते टेबल नको आणू हां. माझा हॉल केवढा, ते टेबल केवढं!" तेव्हा बोनकोड्यातल्या एका मंडळाच्या व्यायामशाळेला ते द्यायचं ठरलं होतं. दुपारून टेम्पो येणार होता.

ताईचं खरं आहे. ते टेबल आमच्याही घरात कधी मावलं नव्हतं.

कोपरखैरण्यातलं हे घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि वर पत्रे टाकून काढलेला माळा. आमच्या ओळीत बहुतेक साताऱ्याकडचीच माणसं. कुणी मार्केटात पोती वाहायचं, कुणी तुर्भ्याच्या कंपनीत. अण्णा कंपनीत होते. संध्याकाळी वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा वास यायचा, मग कारखान्यांचा तो नाकात चढणारा गोडसर वास, आणि मधूनच बोनकोडे गावातून सुकत घातलेल्या बोंबलांचा. मुंबईहून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला त्या वासांवरून किती वाजले ते कळायचं. आता इथे कसलाच वास येत नाही. सिमेंटचा येतो, पण त्याला काय वास म्हणायचं!

दादा वाशीला कॉलेजात जायचा. म्हणजे घरून निघायचा कॉलेजला आणि बराच वेळ असायचा स्टेशनजवळच्या एका स्नूकर पार्लरमध्ये. हे घरात फक्त आईला माहीत होतं. काठीच्या टोकाला घासायचा निळा खडू त्याच्या अंगठ्याजवळ आणि शर्टाच्या बाहीवर लागलेला असायचा. आई तो शर्ट बाजूला काढून बाही आधी चोळायची. अण्णांनी विचारलंच तर म्हणायची, "शाई सांडली पोराची." मी आईच्या शेजारी बसून बघायचे. मोरीतून निळं पाणी वाहत जायचं आणि आई हसू दाबायची.

एके दिवशी अण्णांना कुणीतरी सांगितलं. ते कंपनीच्या कपड्यांतच वाशीला गेले आणि दादाला कॉलर धरून घेऊन आले. पूर्ण गल्लीतून तसंच. दारात उभं करून म्हणाले, "हे भिकेचं डोहाळं माझ्या घरात चालायचं न्हाईत. टपोऱ्यांचा खेळ हाय त्यो." गल्ली बघत होती. दादा खाली मान घालून कॉलरचं तुटलेलं बटण शोधत राहिला.

त्या पावसाळ्यानंतर तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. पुढचं मी लिहीत नाही.

आई रडली, सगळं रीतीनं झालं, गावाहून माणसं आली आणि गेली. मग एक दिवस आमच्या लक्षात आलं की आई अण्णांशी बोलत नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, सरकवायची आणि पाठ फिरवायची. दोघं एकाच खोलीत असली तरी निरोप आमच्याकडून जायचे. "तुज्या बापाला सांग, पानी आलंय." अण्णा तिथेच दाढी करत असायचे. ते मला म्हणायचे, "आईला सांग, ऐकलं." ताई वैतागायची. मी लहान होते, मला आधी तो खेळ वाटला. नंतर कळलं की हे आता असंच चालणार. घरात चमचा पडला तरी दचकायला व्हायचं.

अशात अण्णांनी ते स्नूकरचं टेबल आणलं.

कंपनीच्या साहेब लोकांच्या क्लबात नवीन मोठं टेबल आलं होतं आणि हे जुनं, लहान, मागच्या शेडमध्ये पडून होतं. अण्णांनी मागून घेतलं. साहेबांपुढे कधी चहासाठी थांबले नसतील ते, पण ह्यासाठी जाऊन उभे राहिले. टेम्पोतून ते उतरवायला ओळीतले चौघं आले. रोज पोत्यांखाली वाकणारी माणसं, डोक्यावर फडकी बांधून तयार. त्यांतले एक मामा टेबल न्याहाळून म्हणाले, "पाव्हनं, ह्यो दिवान बिनगादीचा आनला जनू!" पाय काढून, आडवं करून, दाराची चौकट खरवडून ते आत आलं. आमची खाट माळ्यावर गेली. टीव्ही स्वयंपाकघरात गेला.

आई दारात उभी होती. ती टेबलाकडे बघत होती, पण बोलली माझ्याशी.

"तुज्या बापाला इचार, आता आनलं व्हय? पोरगं हुतं तवा का न्हाई?"

मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. अण्णा पाय बसवत होते, ते बसवतच राहिले. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला आठवत नाही, मान आठवते. मानेवरून घाम शर्टात उतरत होता.

टेबल सपाट आहे की नाही ते बघायला अण्णांनी परातीत पाणी घेतलं आणि परात मधोमध ठेवली. पाणी एका बाजूला चढलं. इथली जमीनच भरावाची, घर थोडं खाडीकडे कललेलं. एका पायाखाली पुठ्ठा घातला, मग शहाबादीचा तुकडा, मग पुन्हा पुठ्ठा. पुढे कित्येक वर्षं दर दिवाळीच्या साफसफाईत परात टेबलावर चढायची. ताई म्हणायची, लोक घराला रंग देतात, आपण घराला पाणी दाखवतो.

अण्णांना स्वतःला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. क्लबात बॉल मांडून द्यायला एक माणूस होता, त्याच्याकडून ते जेवणाच्या सुटीत नियम शिकून यायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. "हे लाल. एक लाल पॉकेटमधी घालायचा, मग एक रंगीत. रंगीत गेला तर काढून परत जाग्यावर ठेवायचा. लाल गेला की गेला." मशीनवर काम करून त्यांची बोटं जाड झालेली. काठी त्यांच्या हातात काडेपेटीतल्या काडीसारखी दिसायची. पांढरा बॉल उडून सरळ स्वयंपाकघरात जायचा. आई तो पायानं परत बाहेर ढकलायची, बघायचीसुद्धा नाही.

आम्हाला गोडी लागावी म्हणून अण्णांनी काय नाही केलं! टेबलावर खाली येईल अशी ट्यूबलाइट टांगली. रविवारी खेळलं तर वडापाव. ताई जिंकली की तिला सिनेमा. ताई आधी कुरकुरायची, "अण्णा, काय टेन्शन देता, माझी परीक्षा आहे!" पण तिचा हात बसला तशी तीच मला बाजूला सारायला लागली. मलाही हळूहळू तो आवाज आवडायला लागला. दोन बॉल एकमेकांना लागले की टक्क. घरात खूप महिन्यांनी कसला तरी धड आवाज होता.

खोली अरुंद. खिडकीच्या बाजूनं मारायचं तर काठी मागे भिंतीला लागायची, म्हणून खिडकी उघडी ठेवून काठीचा बुंधा गल्लीत काढावा लागायचा. बोनकोड्याहून हिराकाकू मासळीची पाटी घेऊन त्याच वाटेनं यायची. एकदा ताईची काठी तिच्या कानाजवळून गेली.

"आगं बाय, डोला फोरशील ना माजा!" हिराकाकूनं पाटी खाली ठेवली आणि खिडकीतून डोकं आत घातलं. "ह्यो कसला खेल हाय?"

ताईनं सांगितलं.

"आनि तुजी आय नाय खेलत?"

ताई काठीला खडू घासायला लागली. हिराकाकू आत स्वयंपाकघराकडे बघत राहिली. तिचा एक मुलगा होडीवर गेला तो परत आला नव्हता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिनं आईला हाक मारली नाही. मूठभर जवळा पानात बांधून खिडकीत ठेवला आणि गेली. त्यानंतर ती आमच्या खिडकीजवळ आली की लांबूनच ओरडायची, "आले गो, काठी आत घ्या!"

अण्णांना खरं कुणाला खेळवायचं होतं ते आम्हाला कळत होतं. प्रत्येक डावाला ते एक काठी जास्तीची काढायचे, टोकाला खडू लावायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवायचे. आई येता-जाता ती ओलांडायची. कधी हातानं बाजूला करून केर काढायची आणि परत तिथेच ठेवायची. परत ठेवायची, एवढंच. अण्णा त्यावरही खूश व्हायचे. डाव संपला की ती काठी तशीच भिंतीला लावून ठेवत, टोकाचा खडू न पुसता.

त्या थंडीत आईनं टेबलासाठी गोधडी शिवली. कुणी सांगितलं नव्हतं. जुनी लुगडी, ताईचा फ्रॉक, आणि मधोमध दादाचा चौकड्यांचा शर्ट. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणतात, आईनं ठेवले. टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी कळू नयेत. रोज डाव संपला की ती येऊन टेबलावर गोधडी घालायची. आधी एक टोक, मग दुसरं, मग तळव्यानं मधला भाग सारखा करायची. रात्री पोराच्या अंगावर पांघरूण घालतात तसं. अण्णा तेव्हा बाहेर जाऊन उभे राहायचे.

मग तो रविवार. दुपार होती, गल्लीत डास मारायच्या धुराची गाडी येऊन गेली होती आणि घरात तो रॉकेलचा वास भरला होता. आई कणीक तिंबता तिंबता दारात येऊन उभी राहिली. ताईनं लाल घातला. मग गुलाबी घातला. अण्णांनी गुलाबी पॉकेटमधून काढून त्याच्या जागेवर ठेवला.

"ह्यो काडला," आई म्हणाली, "आनि त्यो लाल का न्हाई काडला?"

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं. ती अण्णांकडे बघत होती. 'तुज्या बापाला इचार' नाही, काही नाही. सरळ त्यांनाच.

अण्णा पॉकेटकडे बघत म्हणाले, "त्यो... लाल न्हाई काडत. नेम हाय. लाल गेला की..." आणि ते थांबले. महिनोन् महिने हेच वाक्य ते आम्हाला सांगत होते, आणि ते काय बोलतायत ते त्यांना त्या क्षणी कळलं.

आई पुढे आली. कणकेच्या हातानं पॉकेटमधून लाल बॉल काढला, पदराला पुसला आणि बाकीच्या लालांच्या मध्ये ठेवला. नीट, जागा करून.

"त्याला बी परत ठिवायचा," ती म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले. "आपल्यात तसंच."

मग तिनं दाराशी टेकवलेली काठी उचलली. चुलीतला जाळ सारताना धरतात तशी धरली. मारलं. पांढरा बॉल कुठेच न लागता पलीकडच्या कडेवर आपटला आणि परत तिच्याकडे आला. अण्णा घाईघाईनं म्हणाले, "अजून एक मार. नवीन मानसाला दोन असत्यात." असा काही नियम नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरात लाल परत यायला लागले. त्यामुळे डाव कधी संपायचाच नाही. कंटाळा आला की थांबायचं, गोधडी घालायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. कोण जिंकलं, कोण हरलं, ह्याचा कुणी हिशेब ठेवला नाही. ठेवणार तरी कसा! आई आणि अण्णा बोलायला लागले. आधी टेबलाभोवतीच, "सरका", "खडू द्या", एवढंच. मग पाण्याचं, भाजीचं. दादाचं नाव मात्र कधीच नाही. आईची बोटं निळी व्हायची आणि ती कुंकू लावायला बसली की कपाळावर निळा ठसा उमटायचा. ती आरशात बघून तो पुसायची नाही लगेच.

मला वाटायचं, सगळं बरं झालं. आता वाटतं, नव्हतं झालं. आई प्रत्येक लाल अण्णांच्या देखत परत ठेवायची आणि अण्णा प्रत्येक वेळी तिच्या हाताकडे बघायचे. ती काही बोलत नव्हती, पण ती त्यांना सोडतही नव्हती. आणि ते रोज संध्याकाळी कामावरून येऊन, हातपाय धुऊन, त्या टेबलापाशी स्वतःहून उभे राहायचे.

ताईला बघायला आले तेव्हा जावईबुवा क्लबात खेळणारे निघाले. टेबल बघून त्यांची कळी खुलली. पोहे तसेच ठेवून त्यांनी काठी घेतली, पहिल्याच फटक्यात लाल घातला आणि आईनं तो काढून परत ठेवला. ते हसले. "आई, असं नसतं हो. रेड परत येत नाही."

ताईचा चेहरा पांढरा पडला. अण्णा शांतपणे म्हणाले, "बाहेर नसंल येत. आमच्यात लाल परत ठेवतात." जावईबुवा शहाणे. त्यांनी पुढे प्रत्येक लाल स्वतःच्या हातानं काढून आईकडे दिला. आईनं त्याच संध्याकाळी स्थळ पसंत केलं.

मग ताई सासरी गेली, मी पुण्याला गेले, कंपनी बंद पडली, गल्लीत गाड्या उभ्या राहायला लागल्या. हिराकाकूची पाटी बंद झाली. तिच्या नातवानं बोनकोड्यात चार मजले चढवले. मी फोन करायचे तेव्हा मागून टक्क ऐकू यायचं. दोघंच खेळायची, दुपारची, खिडकी उघडी ठेवून. मला तेवढ्यानं बरं वाटायचं.

आईच्या शेवटच्या दिवाळीला मी आले होते. तिचा हात कापायचा. काठी टेबलावर टेकवून, बराच वेळ नेम धरून तिनं एक लाल घातला. अण्णांचा हात सवयीनं पॉकेटमध्ये गेला.

"राहू द्या," आई म्हणाली.

अण्णांना वाटलं, तिला स्वतःला काढायचाय. ते बाजूला झाले.

"न्हाई. राहू द्या तिथंच. बास झालं आता."

"अगं पन..."

"बास झालं म्हनते न्हवं."

तिनं दुसरा घातला, मग मी एक, मग अण्णा. कुणी काढला नाही. टेबलावरची हिरवी जागा वाढत गेली. सगळे लाल संपले तेव्हा रंगीत बॉल कुठल्या क्रमानं घालायचे ते अण्णांनाही आठवेना, कारण त्या रविवारनंतर तिथवर आम्ही कधी पोचलोच नव्हतो. कसेही घातले. शेवटी नुसतं टेबल उरलं. आईनं त्यावरून हात फिरवला, गोधडी घातली आणि चहा टाकायला आत गेली. अण्णा उभेच होते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्यांनी ती पुसली नाही.

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. गोधडी तशीच राहिली होती, आजपर्यंत.

"टेम्पो यायला वेळ हाय ना?" अण्णा काठीचा आधार घेत बाहेर आले. चालायची काठी. टेबलाजवळ आल्यावर त्यांनी ती भिंतीला लावली आणि खेळायची उचलली. मी बॉल मांडले. पुठ्ठा कधीचाच दबला असणार, बॉल आपोआप खाडीच्या बाजूला सरकायला बघत होते. मी मारलं. इतक्या वर्षांत सराव राहिलेला नाही, पण उतारच असा की एक लाल निमूट जाऊन पॉकेटमध्ये पडला.

मी थांबले. अण्णा वाकले. त्यांना वाकायला फार वेळ लागतो. पॉकेटमधून लाल काढला, तळहातावर फिरवला आणि बाकीच्यांच्या मध्ये ठेवला. नीट, जागा करून.

"अण्णा," मी म्हणाले, "आई म्हणाली होती ना, राहू द्या."

"ती म्हनली." त्यांनी काठीच्या टोकाला खडू घासला. बोटं निळी झाली. "तिनं सोडलं मला. लई मोठं मन हुतं तिचं." मग ते खिडकीतून त्या विटांकडे बघत राहिले. "कालर मी धरली हुती गं. मला न्हाई सुटत."

मी फक्त म्हणाले, "तुमची पाळी, अण्णा."

त्यांनी मारलं. मग मी. कुणी ना कुणी लाल घालत होतं आणि ते वाकून काढत होते. मला काढू देत नव्हते. गल्लीत हॉर्न वाजला. हिराकाकूचा नातू टेम्पोतून उतरला आणि खिडकीत डोकं घालून म्हणाला, "काका, झाला का डाव?"

टेबलावर सगळेच्या सगळे लाल होते.